शाफ्टमधली पेज

आमच्या पैनगिरीत पाहुणा आला की लोक त्याला देऊळ किंवा तलाव दाखवायला नेत नाहीत. आधी गच्चीवर नेतात आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे दाखवतात. पांढरे टॉवेल, पांढरे सदरे, एखादं धोतर. पाहुणा बिचारा गोंधळतो, यात काय बघायचं म्हणून. मग घरातलं जुनं माणूस सांगतं की एके काळी या गावात पांढरा कपडा घेणाऱ्याला खुळा म्हणायचे. सकाळी वाळत घातलेला सदरा दुपारी काढावा तर राखाडी. नाक शिंकरलं तरी काळं. नवरीला हळद लावली तर हळदीवर धूळ बसून ती हिरवट दिसायची, असं माझ्या सासूबाई सांगतात, आणि त्या काही वाढवून सांगणाऱ्यातल्या नाहीत.

कोळसा काढणं परवडेनासं झालं तेव्हा खाणी बंद पडल्या. कंपनी गेली, मागोमाग बँक गेली, सिनेमाचं थिएटर गेलं, आणि शेवटी सोनारही गेला. सोनारानं गाव सोडलं की त्या गावात काही उरलं नाही असं खुशाल समजावं. पुढे दहा-बारा वर्षांनी इथे विद्यापीठ आलं. विद्यापीठाच्या पाठोपाठ गॅस निघाला, गॅसवर चालणारा पोलादाचा कारखाना आला, खताचा आला, काचेचा आला, आणि सोनार परत आला. आता खाणीच्या तोंडावरचं जुनं लोखंडी चाक संध्याकाळी निळ्या दिव्यांनी उजळतं आणि त्याच्याखाली पोरंपोरी फोटो काढतात. उघड्या खाणीत पाणी भरून तलाव केला आहे, तिथे होड्यांच्या शर्यती होतात. कामगार पूर्वी जिथे डोक्याचे दिवे घ्यायला रांग लावायचे त्या खोलीत कॅफे आहे. तिथे कोरा चहा मिळतो आणि त्याला इंग्रजी नाव आहे.

मी मूळचा मिरजेचा. भूगर्भशास्त्र शिकवायला आलो आणि खाण कामगारांच्या वसाहतीतल्या मुलीशी लग्न करून इथलाच झालो. प्रणाली तिचं नाव. ती गॅस प्रकल्पाच्या खुराक विभागात आहे. खुराक कुणाचा, ते आता सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्या खुराकाचीच आहे.

कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं जंगल. लाकूड कुजतं तसा कोळसाही कुजू शकतो, फक्त त्याला कुजवणारे जंतू थोडे आणि भलतेच आळशी. जमिनीखालच्या पाण्यात राहून ते कोळसा कुरतडतात आणि त्यातून जळणारा वायू सोडतात. निसर्गाच्या चालीनं एका घरची चूल पेटेल इतका वायू व्हायला माणसाच्या कितीतरी पिढ्या जातील. डॉ. मीनल तगारे यांनी असे जंतू देशभरच्या खाणींतून गोळा केले, त्यांच्या जनुकांत फेरफार केले आणि त्यांचा आळस घालवला. बंद खाणीत पाणी भरायचं, जंतू सोडायचे, अंगात जोर यावा म्हणून वरून उसाची मळी पाजायची आणि नळ्या लावून वायू ओढून घ्यायचा. कुणी खाली उतरायला नको, धूळ नको, सुरुंग नको. जो कोळसा कुणालाच काढायचा नव्हता तो आपल्या पायांनी वर यायला लागला.

हे जंतू सुटले तर काय, असं कुणीही विचारेल. तगारे बाईंनी त्याचा बंदोबस्त आधीच केला होता. जंतूला आपल्या अंगाभोवतीची भिंत बांधायला एक पदार्थ लागतो. बाईंनी त्या पदार्थाच्या जागी दुसराच एक बसवला, जो निसर्गात कुठेही सापडत नाही, फक्त आमच्या प्रकल्पात तयार होतो. आम्ही त्याला 'किल्ली' म्हणायचो. मळीत किल्ली मिसळली की जंतू जगायचे, नाही मिसळली की फुटून मरायचे. भेगांतून थोडेफार पाझरणारच, ते पलीकडे जाऊन उपाशी मरतील, असा हिशोब होता, आणि तो हिशोब बरोबर होता.

आणखी एक सांगायला हवं. खाणीतला कोळसा सगळा काढत नाहीत. मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडतात, इथे सगळे त्यांना पिलर म्हणतात. वरची जमीन त्यांच्यावर तोललेली असते. कामगारांची वसाहत जुन्या तीन नंबरच्या खाणीवर उभी आहे. म्हणजे माझ्या सासूबाईंचं न्हाणीघर, दारातलं सीताफळाचं झाड, झोपायची बाज, सगळं काही कोळशाच्या खांबांवर. तिथे जंतू सोडायचे नाहीत हे पहिल्या बैठकीतच ठरलं होतं. जंतूंचं काम उत्तरेच्या माळाखाली. मध्ये न खणलेल्या कोळशाचा रुंद पट्टा होता.

सासूबाईंचं नाव पंचफुला उरकुडे. त्यांचे यजमान दौलत उरकुडे त्या तीन नंबरच्या खाणीतच राहिले. प्रणाली तेव्हा बालवाडीत होती. खाली आग लागली, दुपारच्या पाळीतली माणसं आत अडकली, आणि आग पसरू नये म्हणून तेव्हाच्या मालकांनी तो भाग भिंत घालून बंद केला. खाणीतली आग अशीच विझवतात, हवा तोडून. आतली माणसं विषारी वायूनं आधीच गेली होती असं साहेब लोक म्हणाले. भिंतीची शेवटची वीट बसली तेव्हा ती खरंच गेलेली होती का, हे कुणी आत जाऊन बघितलं नव्हतं.

वसाहतीच्या टोकाला एक एअर शाफ्ट आहे, खाणीत हवा जावी म्हणून खणलेली खोल विहीर. बायकांनी त्याच्या जाळीतून भाकरी टाकायला सुरुवात केली. फडक्यात बांधलेली भाकरी, कांदा, आणि भाताची पेज, कारण पेज वाट काढत कुठेही जाते. चुकूनमाकून कुणी जिवंत असेल तर त्याच्या तोंडाला लागावी. पहारेकरी हाकलायचे, त्या परत यायच्या. महिनाभरानं भाकरी थांबली. पेज थांबली नाही. देह मिळाला नाही, म्हणून पिंड नाही, कावळा नाही. मग दर अमावास्येला या बायका शाफ्टशी जमायच्या आणि आपापल्या माणसाच्या नावानं पेज ओतून यायच्या. काळ गेला तशा त्यातल्या बऱ्याच गेल्या. उरल्या तिघी. सासूबाई, त्यांची मैत्रीण राजम्मा, जिचे आईवडील तेलंगणातून खाणीच्या कामाला आले होते, आणि शांताबाई कोवे.

प्रणाली खुराक विभागात लागली तेव्हाची गोष्ट. मळीचे ड्रम रिकामे झाले की तळाशी चिकट थर उरतो. तो गुरांच्या पेंडेत मिसळायला कामगारांनी घरी न्यावा, अशी प्रकल्पाची परवानगी होती. किल्ली गुरांना बाधत नाही, माणसालाही नाही. सासूबाईंकडे गुरं नव्हती. प्रणालीनं सहज कौतुक म्हणून थोडी मळी दाखवायला नेली. त्यांनी बोटानं चाखली.

"तुया बापाले गोड लय आवडे व," त्या म्हणाल्या. "पेजीत टाकत जाईन."

तेव्हापासून प्रणाली दर महिन्याला एक कॅन भरून आणू लागली. राजम्मा आणि शांताबाई त्यातलीच वाटून घेत. कितीतरी वेळा तो कॅन मीच स्कूटरवर पायांत धरून नेला आहे. आम्हाला त्यात म्हातारीची माया दिसली, दुसरं काही दिसलं नाही. दिसायला हवं होतं असं आता वाटतं, पण आता काय, सगळ्यांनाच सगळं दिसतं.

वसाहत खचतेय हे आधी उपग्रहानं सांगितलं. बोटभर, मग दोन बोटं. मग घरांची दारं लागेनाशी झाली. लोकांनी सुतार बोलावून दारं तासून घेतली, आणि महिन्याभरात ती पुन्हा अडकायला लागली. मी शाफ्टच्या जवळ जमिनीला भोक पाडून कॅमेरा खाली सोडला. तीन नंबरच्या खाणीतले पिलर चौकोनी असायला हवे होते. ते उंदरानं कडेकडेनं खाल्लेल्या भाकरीसारखे दिसत होते, आणि पाण्यातून बुडबुडे वर येत होते.

पाण्याचा नमुना तगारे बाईंकडे गेला. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. बाई साठीच्या पुढच्या, अंगानं बारीक, आवाज नेहमी वर्गात शिकवल्यासारखा. त्या दिवशी मात्र हळू बोलत होत्या.

"जंतू आपलेच आहेत," त्या म्हणाल्या. "पण यांना किल्ली लागत नाही."

"असं कसं होईल?"

"सहजासहजी होत नाही. किल्ली एकदम तोडली तर सगळे मरतात, शिकायला कुणी उरतच नाही. पण समजा, मधूनच पोटभर जेवण मिळालं, मग उपास, पुन्हा जेवण, पुन्हा उपास. गाळात किल्लीचा थोडा अंश टिकतो, त्यावर जे तग धरतात तेच पुढच्या जेवणापर्यंत पोचतात. त्यांची प्रजा त्याहून चिवट. असं वर्षानुवर्षं चाललं की एक दिवस एखादा जंतू किल्लीवाचून जगतो. मला मुद्दाम असा जंतू घडवायचा असता तर मी हेच केलं असतं." त्यांनी नमुन्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. "मला एवढंच कळत नाही, की तिथे त्यांना जेवायला घालत कोण होतं."

कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात. मी तो घरी आणून उगाळला. रविवार होता, आम्ही दुपारी जेवायला बसलो होतो, आणि बाईंचं म्हणणं मी प्रणालीला जसंच्या तसं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"किती दिवसांनी जेवण?" तिनं विचारलं.

"ते नक्की माहीत नाही. पंधरा दिवसांनी असेल, महिन्यानं असेल."

"अमावास्येला," ती म्हणाली आणि ताटावरून उठली.

मग मलाही कळलं. मोरीत तिच्या हात धुण्याचा आवाज बराच वेळ येत होता. मी जाऊन बघितलं तर हात कधीच स्वच्छ झाले होते, नळ तेवढा चालू होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तगारे बाईंकडे गेलो आणि सांगून टाकलं. लपवण्यात काही अर्थ नव्हता. प्रणालीला वाटलं होतं बाई संतापतील. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मळी घरी न्यायच्या परवानगीवर माझी सही आहे," त्या म्हणाल्या. "गुरांना बाधेल का, तेवढंच मी तपासलं होतं."

"आईला थांबवते मी," प्रणाली म्हणाली. "आजपासून बंद करायला लावते."

"थांबवा. पण आता त्यानं फरक पडणार नाही. त्यांना आता कुणाच्या पेजेची गरज नाही."

जंतू मारता येतील का, हे मी विचारलं. येतील, पण वसाहतीखालचं पाणी फिरून उत्तरेला जातं. त्यात विष सोडलं तर महिन्याभरात सगळा प्रकल्प मरेल. मग पोलाद नाही, खत नाही, काच नाही, आणि हळूहळू विद्यापीठही नाही. खाणीत राखेचा गारा भरून पिलरना आधार देता येईल, पण त्याला काही वर्षं लागतील, आणि पिलर पुढचा हिवाळा बघतील असं मला वाटत नव्हतं. बैठक झाली. अख्खं शहर वाचवायचं की चार ओळी घरं, असं विचारलं की उत्तर त्या प्रश्नातच शिजलेलं असतं. वसाहत हलवायचं ठरलं. मीही हात वर केला. माझ्या हातानं काही वाचणार नव्हतं, आणि तो खाली ठेवूनही काही वाचलं नसतं.

वसाहतीतली माणसं फारशी रडली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नव्या फ्लॅटमध्ये लिफ्ट होती आणि दारं नीट लागत होती. तरण्या लोकांना तर कधीचंच जायचं होतं. राजम्माला तिच्या लेकानं पटवलं, शांताबाईला नातसुनेनं. अडल्या त्या फक्त सासूबाई.

आम्ही दोघं रोज जायचो. त्या चहा करायच्या, बिस्किटं काढायच्या, सगळं ऐकून घ्यायच्या. पेजेत मळी घालायची त्यांनी लगेच बंद केली होती, प्रणालीनं नुसतं 'घालू नको' म्हटल्यावर. साधी पेज मात्र चालूच होती.

"आई, घर खचून राहिलं," प्रणाली म्हणायची. माहेरी आली की तिची भाषा आपोआप माहेरची व्हायची.

"दिसते मले. भिंतीतून हात जाते आता."

"मंग चाल ना."

"मी गेली तं पेज कोन टाकन?"

"अवं आई, तिथं कुंपन लागनार हाय. तसंही कोनाले जाऊ देनार नाई."

"मी आंदर राहिली तं कुंपनाचं काय करतीन?" त्या हसायच्या आणि माझ्याकडे वळायच्या. "जवाईबापू, तुमी पोहे नाई खाल्ले."

एकदा मी जरा कडक आवाजात म्हणालो, की जमीन एका क्षणात खाली जाईल, पळायला वेळ मिळणार नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"खाली जाऊन जाऊन कोठी जाईन मी," त्या म्हणाल्या. "ते बी तं तिथीसाच हायेत."

मिरजेत सासू अशी बोलली असती तर मी नाटकीपणा म्हणून सोडून दिलं असतं. या बाईंच्या बोलण्यात नाटक नव्हतं, हीच पंचाईत होती.

वीज आणि पाणी तोडायचा दिवस जवळ आला तेव्हा प्रणाली म्हणाली, "मी तिला खरं सांगते."

पेजेमुळे हे झालं, हे आम्ही सासूबाईंना सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगू दिलं नव्हतं. तगारे बाईंनीही ते पाळलं होतं.

"नको," मी म्हणालो. "सगळं आयुष्य त्या एका गोष्टीवर काढलंय त्यांनी. मोडून जातील."

"मोडू दे. मोडलेली आई मला चालेल. तू तिला ओळखत नाहीस. आपल्या पेजेनं राजम्माचं घर गेलं, शेजारपाजाऱ्यांची घरं गेली, हे कळल्यावर ती तिथे एक घटका बसायची नाही. लाजेनं उठून येईल."

मला हे पटलं नव्हतं, पण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. खरं सांगायचं तर आम्ही दोघंही तोवर इतके थकलो होतो की काहीतरी करून बघणं हाच उपाय वाटायला लागला होता.

शेवटची बस सकाळी आली. एप्रिल लागला होता, ऊन सकाळीच टोचत होतं. वसाहतीच्या फाटकाशी बस उभी राहिली, राजम्मा आणि शांताबाई आपापली गाठोडी घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यांचं बाकीचं सामान आदल्या दिवशीच गेलं होतं, पण बस सुटेपर्यंत घरातच राहणार म्हणून दोघी हटून बसल्या होत्या. ड्रायव्हरला थांबायला सांगून आम्ही सासूबाईंच्या घरी गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

प्रणाली त्यांच्या समोर जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. जंतू, मळी, किल्ली, उपास, जेवण. तिला सोपं करून सांगता येतं, मला तितकं येत नाही. सांगताना ती रडली नाही. शेवटी ती म्हणाली, "मळी म्याच आनून देल्ली, आई. तुयी चूक नाई. पन त्यानंच हे झालं. तू टाकलेल्या पेजीनंच."

सासूबाईंचा हात सुपात तसाच राहिला. मी मनात म्हणालो, आता मोडतील.

"म्हंजे," त्या शेवटी म्हणाल्या, "मी टाकत होती ते कोनी खात होतं?"

"जंतू खात होते, आई. जंतू."

"जंतू तं जंतू. समजते मले. पन खात होतं ना कोनी." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मले वाटे, मी खड्ड्यात टाकून राहिली. राजम्मा म्हने, खाली जाते का व, का मंधातच गोट्यावर सुकते? मी म्हनो, जाते, जाते. पन मनातून मले वाटे का नसन जात."

प्रणालीनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत सासूबाईच माझ्याकडे वळल्या.

"जवाईबापू, तुमी खालचा नकाशा पाह्यला. ते जंतू भिंतीच्या आंदर बी हायेत?"

"आहेत," मी म्हणालो. ते खरं होतं. भिंतीपलीकडच्या पाण्यातही ते सापडले होते.

"मंग पेज आंदर गेली."

"हो."

"मंग तवाची बी गेली असन. पयल्या दिवसाची."

मला नकाशा पाठ होता. शाफ्ट खाली जिथे उघडतो तिथून भिंत बरीच पुढे आहे. टाकलेली एकही भाकरी भिंतीपलीकडे गेली नसणार. पेज म्हणाल तर, भिंत तेव्हा नवी होती आणि हवासुद्धा जाऊ नये म्हणूनच बांधलेली होती. पाणी तिच्यातून पाझरायला लागलं ते कितीतरी वर्षांनी. हे सगळं मला बोलता आलं असतं. विद्यार्थ्यांना मी याहून कठीण गोष्टी तोंडावर सांगतो. पण त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, तसं माझ्याकडे कुणीच कधी बघितलेलं नाही. मला नाही म्हणवेना.

"गेली असेल," मी म्हणालो.

"उपाशी नाई गेले मंग," त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. प्रणालीनं त्यांना जवळ घेतलं. खोटं बोलल्याचं वाईट वाटत होतं आणि बोललो ते बरं केलं असंही वाटत होतं.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले, उठल्या, चपला पायांत घातल्या आणि दाराबाहेर पडल्या. सामान घेतलं नाही, कुलूप लावलं नाही. सरळ फाटकाकडे, बसकडे चालू लागल्या. प्रणालीनं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी बोटात रुतली. "बघ," ती हळूच म्हणाली. आम्ही त्यांच्या मागून जवळजवळ पळत निघालो. वाटेत रस्त्याला नवी चीर गेली होती, म्हातारीनं ती सहज ओलांडली.

त्या बसच्या पायरीवर चढल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"राजम्मा," त्या म्हणाल्या, "पोचत होती व. आपली पेज पोचत होती. भिंतीच्या आंदर गेली. जवाईबापूनं नकाशात पाह्यलं."

राजम्मा सीटवरून अर्धी उठली. तिनं सासूबाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. शांताबाईही बघत होती. "खरंच का, सर?" राजम्मानं विचारलं. "माझ्या मालकाला, मल्लय्याला बी पोचली?"

एका म्हातारीला होकार देऊन दुसरीला नकार कसा द्यायचा, हे मला कुठल्या पुस्तकात कुणी शिकवलेलं नाही. मी मान हलवली.

राजम्मानं गाठोडं उचललं आणि खाली उतरली. शांताबाईला उतरताना गुडघ्याचा त्रास होतो, तिला सासूबाईंनी हात दिला.

तेव्हा कुठे प्रणालीला कळलं काय होतंय ते. ती पुढे धावली. "आई, अवं तेच तुमचं घर खाऊन राहिले. तेच जंतू. तुमी तिघी खाली जासान."

"खाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हट्टही नव्हता. घरी जेवायला बसलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या. "इतके वर्स घातलं तं त्याईनं खाल्लं. आता उपाशी ठेवून जाऊ का मी? तूच सांग."

आम्ही एका बाईला वाचवायला गेलो होतो आणि बसमध्ये बसलेल्या दोघीही घालवून बसलो होतो. तिघी रस्त्यानं परत निघाल्या, मध्ये सासूबाई, दोन्ही बाजूंना दोघी, चिरेपाशी आल्यावर एकमेकींना सांभाळून. त्या काहीतरी बोलत होत्या आणि शांताबाई हसत होती.

प्रणाली माझ्याकडे न बघता त्यांच्या मागोमाग चालू लागली. मी तिला हाक मारली. तिनं मागे वळून बघितलं नाही.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सर, थांबू का जाऊ?"

थांब म्हटलं तर किती वेळ, आणि जा म्हटलं तर कुणाला घेऊन. त्यानं थोडा वेळ वाट बघितली आणि इंजिन बंद केलं.